पेडल खाली जातंय, पण ब्रेक लागतोय ना?

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना झालेलं 'म्हणजे बघा', 'म्हणजे बघा' बरंचसं काढून टाकलंय. बाकी बोलणं तसंच आहे.)

आजचा सगळा एपिसोड एका वाक्यावर आहे. हे वाक्य तुम्ही कधीतरी म्हटलं असेल, नाहीतर मामा, दादा, शेजारचे काका, कोणाच्या तरी तोंडून नक्की ऐकलं असेल. "पेडल जरा खाली जातंय, पण ब्रेक लागतोय."

माझं म्हणणं असं की या वाक्याचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा जास्त धोक्याचा आहे. 'लागतोय' म्हणून आपण गाडी चालवत राहतो. तो का लागतोय आणि किती लागतोय हे बघायला कोणी बॉनेट उघडत नाही. नगर जिल्ह्यात राहून हे परवडत नाही. जानेवारीत रात्री श्रीरामपूर-राहुरीकडं निघालात की मागे लाल दिवा नसलेली उसाची डबल ट्रॉली अंधारातून एकदम समोर येते. करंजी घाट आहे, इमामपूर घाट आहे, चंदनापुरी आहे. अकोल्याच्या पुढं भंडारदऱ्याकडं गेलात तर उताराला उतार लागूनच आहे. आपल्याकडं ब्रेक नुसता 'लागून' भागत नाही, तो पहिल्या दाबात लागावा लागतो.

तर आधी हे समजून घेऊ की पेडल दाबल्यावर होतं काय.

घरी करून बघण्यासारखा एक प्रयोग आहे. मेडिकलमधून सुई नसलेल्या दोन सिरिंज आणा आणि मध्ये एक बारीक नळी जोडा. सगळं पाण्यानं भरा, आत हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नका. आता एक दट्ट्या दाबला की दुसरा लगेच बाहेर येतो, जणू मध्ये लोखंडी दांडाच आहे. कारण द्रव दाबून लहान होत नाही. आता मुद्दाम थोडी हवा आत सोडा आणि परत दाबा. पहिला दट्ट्या बराच आत जातो, दुसरा मात्र उशिरा आणि थोडाच हलतो. तुमचा जोर बुडबुडा दाबण्यात खर्च झाला. ब्रेकचं निम्मं शास्त्र इथंच संपलं.

गाडीत पहिल्या सिरिंजच्या जागी मास्टर सिलिंडर असतो. बॉनेट उघडलं की ड्रायव्हरच्या बाजूला, काचेखालच्या पत्र्याला एक मोठा काळा गोल डबा दिसतो, तो बूस्टर. त्याच्या तोंडाशी मास्टर सिलिंडर आणि त्याच्यावर ब्रेक ऑइलची पांढरट प्लॅस्टिकची टाकी. तिथून पातळ लोखंडी नळ्या निघतात, चाकाजवळ त्यांना रबरी होज पाइप जोडलेले असतात, आणि शेवटी पुढच्या चाकांना कॅलिपर, मागच्यांना व्हील सिलिंडर. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढं डिस्क आणि मागं ड्रम असतो. हे ध्यानात ठेवा, कारण पेडल खाली जाण्याचं एक मोठं कारण त्या मागच्या ड्रममध्येच लपलेलं असतं.

आणखी एक गंमत. तुमचा पाय काही सेंटिमीटर खाली जातो, पण डिस्कजवळचा पॅड हलतो मिलिमीटरच्या काही अंशाइतका. त्यामुळं चाकाजवळ एखादा मिलिमीटरभर जरी जास्तीची फट पडली तरी पायाला ते कितीतरी मोठं जाणवतं. म्हणूनच पायाची तक्रार कधी हसण्यावारी न्यायची नाही.

आता तपासणी, उभ्या गाडीवर

गॅरेजमध्ये सगळे एकच तक्रार सांगतात, "ब्रेक दबतोय." फिटर बिचारा त्यातून काय समजणार? पेडल खाली जाण्याच्या चार-पाच वेगवेगळ्या तऱ्हा आहेत आणि प्रत्येकीचं कारण वेगळं. ही तऱ्हा ओळखायला पाना लागत नाही. सपाट जागा, चाकांना पुढून-मागून दगड आणि पाच मिनिटं, एवढंच पुरे.

इंजिन बंद ठेवा. पेडल चार-पाच वेळा पूर्ण दाबून सोडा. बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल कडक होतं. आता मध्यम जोरानं पाय ठेवा, जीव तोडून नाही, आणि मोबाइलवर एक मिनिट लावा. पाय हलवायचा नाही. पेडल जागेवर राहिलं तर उत्तम. हळूहळू, लोण्यात बोट जावं तसं खाली सरकत गेलं, तर दाब कुठून तरी सुटतोय. पाय तसाच ठेवून इंजिन चालू करा. त्या क्षणी पेडल थोडं खाली जाऊन थांबेल. हे बरोबर आहे, बूस्टर कामाला लागला. बरेच जण इथंच घाबरतात, घाबरू नका. थांबलं पाहिजे, एवढंच. थांबत नसेल तर भानगड आहे.

मग दुसरी गोष्ट. इंजिन चालूच ठेवा, थोडा वेळ पेडलला हात-पाय लावू नका. मग एकदा दाबा, कुठपर्यंत गेलं बघा. लगेच सोडून पटपट दोन-तीनदा दाबा. पहिल्या दाबात खोल आणि तिसऱ्या दाबात वर येत असेल तर दोन शक्यता उरतात. वर आलेलं पेडल स्पंजासारखं लागतंय, पाय काढताना उसळी मारतंय, तर लाइनमध्ये हवा आहे. वर आलेलं पेडल दगडासारखं घट्ट आहे, पण थोडा वेळ सोडलं की परत खोल जातंय, तर हवा नाही. मग ब्रेकचे लायनर ड्रमपासून लांब गेलेत. आधी ती फट भरण्यात तुमचा पहिला दाब वाया जातो.

हे पक्कं करायची एक जुनी युक्ती आहे, मला ती फार आवडते. मागं ड्रम असलेल्या गाडीत हँडब्रेक पूर्ण ओढा आणि मग पेडल दाबा. हँडब्रेकनं लायनर ड्रमला टेकलेले असतात. आता पेडल एकदम वरच घट्ट लागलं, तर गुन्हेगार मागच्या ड्रममध्ये आहे. एक रुपया खर्च न करता निम्मी गाडी तपासून झाली.

तिसरी तऱ्हा उभ्या गाडीत कळत नाही, ती आठवावी लागते. पेडल नेहमी ठीक असतं, पण घाट उतरून खाली आल्यावर मऊ आणि खोल जातं, आणि तासाभरानं परत ठीक. हे ऑइल उकळल्याचं लक्षण आहे, त्याच्याकडं पुढं येतो. आणि चौथी अशी की खराब रस्त्यावरून किंवा मोठ्या वळणावरून आल्यानंतरचा फक्त पहिला दाब खोल जातो, दुसरा ठीक. इथं चाकाचं बेअरिंग ढिलं आहे का, डिस्क वाकडी फिरते का, ते बघायला सांगा. हलणारी डिस्क पॅडला मागं ढकलते, म्हणून पुढचा दाब पॅड जागेवर आणण्यातच जातो.

हो, आणि पेडल वर, कडक, लाकडासारखं, पण गाडी थांबत नाही, असं असेल तर हा आजचा विषय नाही. तिथं बूस्टर किंवा त्याचा व्हॅक्यूम पाइप बघायचा, नाहीतर पॅड तापून गुळगुळीत झालेत. दोन तक्रारी एकत्र सांगू नका, फिटर भलतीकडंच जातो.

ऑइल कमी होत नाही, मग गळती कुठं?

मध्यंतरी अकोले तालुक्यातून एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. जुनी हॅचबॅक घेऊन चार महिने झालेले. सिग्नलला पाय ठेवून थांबलं की पेडल आपोआप खाली जातं, थोडा पाय उचलून परत दाबलं की ठीक. गॅरेजमध्ये दाखवलं तर त्यांनी टाकीत ऑइल टाकलं आणि म्हणाले, "चालेल, काही होत नाही." आणि याला घरच्या पाच जणांना घेऊन लग्नाला कल्याणला जायचं होतं. संगमनेर, चंदनापुरी, आळेफाटा, ओतूर आणि पुढं माळशेज. त्याचा प्रश्न सरळ होता, "दादा, जाऊ का नको?"

मी त्याला दोनच गोष्टी विचारल्या. एक मिनिटवाली टेस्ट केली का, आणि टाकीतली पातळी कमी होते का? त्यानं करून बघितलं. चाळीस सेकंदांत पेडल जवळजवळ मॅटला टेकलं. पातळी मात्र महिनाभर तीच. तो म्हणाला, "ऑइल कमीच होत नाही, म्हणजे लिकेज नाही ना?"

इथंच बहुतेक जण फसतात. मास्टर सिलिंडरच्या आत पिस्टनवर रबरी कप असतो. त्याची कड झिजली किंवा सिलिंडरच्या आतल्या भिंतीला गंजाचे खड्डे पडले की दाबलेलं ऑइल कपाच्या कडेनं मागं सरकतं आणि परत टाकीत येतं. म्हणजे गळती आहे, पण घरातल्या घरात. जमिनीवर थेंब नाही, पातळीत फरक नाही. आणखी फसवं म्हणजे जोरात दाबलं तर कप भिंतीला नीट चिकटतो आणि ब्रेक लागतो. हळू दाबलं की सरकतो. म्हणून रस्त्यावर टेस्ट मारताना गाडी चांगली थांबते आणि सिग्नलला मात्र पाय खाली जातो. अशा गाडीच्या टाकीत ऑइल टाकणं म्हणजे ताप आलेल्या माणसाची चादर बदलणं.

मी त्याला म्हटलं, मास्टर सिलिंडर बदलल्याशिवाय घाटात जाऊ नको. एसटी आहे, भाड्याची गाडी आहे, लग्न काही चुकत नाही. त्यानं संगमनेरला सिलिंडर बदलून घेतला. जुना उघडल्यावर आतून तपकिरी चिखलासारखं निघालं. त्याचा फोटो त्यानं पाठवला, मी एपिसोडच्या कव्हरला तोच लावलाय.

पातळी खरंच कमी होत असेल तर दोनच कारणं. पॅड झिजले की कॅलिपरचे पिस्टन बाहेर येतात आणि ऑइल तिकडं जाऊन बसतं. हे हळूहळू होतं आणि नैसर्गिक आहे. नाहीतर बाहेर गळती. चाकांच्या आतल्या बाजूला, होज पाइपवर, खालच्या लोखंडी नळ्यांवर ओल शोधा. काळ्या मातीचा चिखल नळीवर महिनोन्‌महिने चिकटून राहिला की त्याच्याखाली गंज चढतो, म्हणून आधी धुऊन मग बघा. मागच्या ड्रमच्या खालच्या कडेला तेलकट ओघळ दिसला तर व्हील सिलिंडर गेला. आणि कुठंच ओल नाही, पण पातळी उतरतेय, तर मास्टर सिलिंडर जिथं बूस्टरला जोडलाय तिथं बोट फिरवा. मागचं सील गेलं की ऑइल बूस्टरच्या डब्यात साठत राहतं, बाहेर काही दिसत नाही. हात मात्र लगेच धुवा, आणि बॉनेटवर थेंब सांडला तर पाणी ओता. हे ऑइल गाडीचा रंग उचलतं.

टाकीची पातळी 'मिन'च्या खाली गेली की डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो, हँडब्रेकचाच. हँडब्रेक खाली असताना तो दिवा वळणावर लुकलुकला तर 'वायर ढिली असेल' म्हणून सोडू नका, आधी टाकी बघा.

'लागतोय' म्हणजे किती लागतोय?

आता त्या वाक्याकडं परत. पेडल अर्ध्याच्या खाली गेल्यावरही ब्रेक लागतो, याचं श्रेय गाडी बनवणाऱ्यांना जातं. आजच्या गाडीत मास्टर सिलिंडरच्या आत एकामागं एक असे दोन पिस्टन असतात आणि ब्रेकच्या दोन स्वतंत्र लाइन. लहान गाड्यांत बहुतेक वेळा त्या तिरक्या असतात: पुढचं डावं आणि मागचं उजवं एका लाइनवर, उरलेली दोन दुसरीवर. एक लाइन फुटली तर तिचा पिस्टन रिकामा पुढं जाऊन टेकतो आणि मग दुसरी लाइन काम करते. रिकामं जाण्याचं ते अंतर म्हणजेच तुमचं खाली गेलेलं पेडल!

तेव्हा पेडल अचानक खूप खाली जाऊन मग ब्रेक धरत असेल, तर शक्यता ही की तुम्ही अर्ध्या ब्रेकवर चालताय. अर्ध्या म्हणजे किती? मोटारींच्या ब्रेकसाठी संयुक्त राष्ट्रांचा १३-एच नावाचा नियम आहे, त्यात आकडे दिलेत. ताशी १०० किलोमीटर वेगावरून सगळे ब्रेक ठीक असताना गाडी ७० मीटरच्या आत थांबली पाहिजे. एक लाइन गेल्यावर १६८ मीटरपर्यंत मुभा आहे. दोन्ही वेळा पायाचा जोर साधारण ५० किलोच्या वर लागता कामा नये. ७० आणि १६८. मधले ९८ मीटर म्हणजे कबड्डीची सात-आठ मैदानं लांबीला लांबी जोडून ठेवा. त्या जागेत काय काय असू शकतं ते नगर-मनमाड रोडवरून रोज जाणाऱ्यांना मी सांगायला नको.

नवीन मॉडेल बाजारात येण्याआधी अशा चाचण्या होतात. ज्या संस्थांना सरकारनं मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ खाली हे काम दिलंय, त्यातली एक आपल्या नगरची आहे, व्हीआरडीई, डीआरडीओची. लोक दुरून तिची भिंत बघतात, आत रणगाड्याचं काम चालतं एवढंच माहीत असतं. पण चाचणी होते ती नव्या गाडीची. तुमच्या दहा वर्षं जुन्या गाडीची चाचणी रोज तुमचा पाय घेतो.

हे 'ऑइल' ऑइल नाही

आपण 'ब्रेक ऑइल' म्हणतो आणि या एका शब्दानं बऱ्याच गाड्यांची वाट लागली आहे. ते खनिज तेल नाहीच. आपल्या गाड्यांत येणारं डॉट ३ आणि डॉट ४ हे ग्लायकॉल जातीचं रसायन आहे. 'ऑइलच आहे की' म्हणून कोणी टाकीत इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल ओतलं तर ब्रेकमधलं रबर फुगतं. मग एक-दोन पार्टवर भागत नाही, सगळं रबर बदलून सगळ्या लाइन धुवाव्या लागतात. जुनी गाडी घेताना टाकीचं झाकण उघडून त्याच्या आतलं रबर बघा. ते फुगून वेडंवाकडं झालं असेल तर व्यवहार थांबवा.

या रसायनाची खोड अशी की ते हवेतली ओल ओढतं. पावसाळ्यात उघड्या ठेवलेल्या मिठासारखं. झाकणाच्या बारीक भोकातून, रबरी होजच्या भिंतीतूनसुद्धा ओल आत येते. घाटघरचा पाऊस असो नाहीतर पाथर्डी-जामखेडचा कोरडा वारा, वेग कमी-जास्त होईल, पण सुटका कोणाचीच नाही. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३०. तेच ओल धरल्यावर, म्हणजे साधारण ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर, नियमातली किमान मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ अंश. केवढी घसरण बघा.

आणि घाटात उष्णता किती तयार होते? माणसांसकट १,३०० किलोची गाडी ४०० मीटर उंची उतरली तर जवळपास ५१ लाख ज्यूल ऊर्जा कुठंतरी जिरली पाहिजे. तेवढ्यात अंघोळीचं बादलीभर, सोळाएक लिटर, गार पाणी उकळीला येतं. इंजिन ब्रेकिंग केलं नाही तर यातली बहुतेक त्या चार चाकांच्या लोखंडातच जाते. कॅलिपर तापतो, त्यातलं ओलसर ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, आणि मग आपला सिरिंजचा प्रयोग आठवा. पेडल मऊ होऊन खाली जातं. खाली चहाच्या टपरीवर अर्धा तास थांबलात की वाफ थंड होऊन परत द्रव होते आणि पेडल शहाण्यासारखं वर येतं. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये सगळं ठीक! म्हणून मी म्हटलं, ही तऱ्हा आठवून सांगावी लागते.

ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण बदला, गाडीच्या पुस्तकात याहून लवकर लिहिलं असेल तर लवकर. कोणतं टाकायचं ते टाकीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं. सीलबंद लहान डबा घ्या, गॅरेजच्या फळीवरचा सहा महिने उघडा असलेला नको. डॉट ५ नावाचं सिलिकॉनचं वेगळंच प्रकरण आहे, पुस्तकात तेच लिहिल्याशिवाय हात लावू नका.

दुरुस्ती

टेस्ट सगळ्यांनी करावी, पण ब्रेक उघडणं हे काम शिकलेल्या हाताचं आहे, हे माझं स्पष्ट मत. पण समोर उभं राहून काय चाललंय ते कळावं म्हणून थोडं सांगतो.

मागच्या ड्रममध्ये लायनर झिजतील तसे पुढं सरकवणारा ॲडजस्टर असतो. धूळ आणि गंज बसला की तो अडकतो, आणि फट वाढत जाते. ड्रम काढून साफ करणं, ॲडजस्टर मोकळा करणं, लायनरची जाडी बघणं, एवढ्यावर पुष्कळ गाड्या बऱ्या होतात. त्याच वेळी व्हील सिलिंडरचं रबरी टोपण बोटानं उचलून बघायला सांगा. आत ओल असेल तर बदला. लायनर बदलायचे तर दोन्ही बाजूंचे, एकाच बाजूचे कधीच नाही, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

मास्टर सिलिंडरला नुसतं रबर किट टाकायचं की नवा घ्यायचा? किट स्वस्त पडतं, आणि भिंत आरशासारखी गुळगुळीत असेल तर चालतंही. पण नखाला खड्डा लागला तर नवं रबर थोड्या दिवसांत फाटणार. ब्रेकच्या बाबतीत मी नवा घेण्याच्या बाजूनं आहे. नवा बसवण्याआधी टेबलावर धरून त्याच्यातली हवा काढतात का, ते बघा.

हवा काढणं हे दोन माणसांचं काम. एक सीटवर, एक चाकाशी. चाकाजवळच्या निपलला पारदर्शक नळी लावायची, नळीचं दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवायचं. खालचा म्हणतो "दाब", वरचा दाबून म्हणतो "धरलाय". खालचा निपल ढिलं करतो, बुडबुडे आणि काळं ऑइल येतं, पेडल खाली जातं. निपल आवळून झाल्यावरच "सोड". हा क्रम चुकला, आवळण्याआधी पाय उचलला, की बाहेर काढलेली हवा परत आत. बुडबुडे बंद होऊन स्वच्छ पिवळट ऑइल येईपर्यंत हेच. कोणत्या चाकापासून सुरू करायचं ते गाडीच्या पुस्तकाप्रमाणं. सर्वसाधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. मध्येमध्ये टाकी भरत राहायची, ती रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून. बाटलीत आलेलं ऑइल परत टाकीत ओतणारा दिसला तर नम्रपणे थांबवा.

एक बारकावा फिटरलाही सांगण्यासारखा. जुन्या गाडीची हवा काढताना पेडल पूर्ण तळाला जाऊ द्यायचं नाही. पिस्टन रोज जितका पुढं जातो त्याच्या पलीकडं सिलिंडरच्या भिंतीवर वर्षानुवर्षांची घाण आणि गंज बसलेला असतो. पेडल तळाला गेलं की रबरी कप त्यावरून घासतो आणि फाटतो. मग लोक म्हणतात, "हवा काढली आणि दुसऱ्या दिवशी मास्टर गेला." पेडलखाली एक लाकडी ठोकळा ठेवला की झालं. आणि एबीएस असलेल्या गाडीत हवा एबीएसच्या युनिटमध्ये शिरली असेल तर काही मॉडेलना स्कॅनर लावूनच ती निघते. दोन-तीनदा हवा काढूनही पेडल स्पंजासारखं राहिलं तर हे विचारा.

आणि चालत्या गाडीत पेडल खाली गेलं तर?

पटपट, जोरात, पुन्हापुन्हा दाबा. हवा असो की फट, पंपिंगनं बरेचदा काहीतरी दाब मिळतो. त्याच वेळी एकेक गिअर खाली आणा. धोक्याचे दिवे लावा, हॉर्नवर हात ठेवा. हँडब्रेक एकदम खेचू नका, मागची चाकं जाम होऊन गाडी फिरते. बटण दाबून धरून हळूहळू ओढत न्या. इंजिन बंद करायचं नाही, बूस्टरही जाईल, आणि चावी काढलीत तर स्टिअरिंग लॉक होईल. घाटात काहीच उरलं नाही तर दरीऐवजी डोंगराच्या बाजूला, कठड्याला किंवा मातीच्या भरावाला घासत वेग मोडायचा.

ब्रेक तापून गेले असतील तर थांबा आणि त्यांना आपोआप थंड होऊ द्या. लाल तापलेल्या डिस्कवर बाटलीनं पाणी ओतताना मी माणसं बघितलीत. डिस्क त्यानं वाकडी होऊ शकते किंवा तिला तडा जाऊ शकतो. आणि उताराला लागताना, वरच, दुसरा गिअर. अर्ध्या उतारावर वेग वाढल्यावर तो टाकायला गेलात तर उशीर झालेला असतो.

दुरुस्ती करून गाडी हातात आली की गॅरेजच्या दारातच एक मिनिटवाली टेस्ट परत करा. मग मोकळ्या मैदानात चालण्याच्या वेगानं, मग वीस-तीसच्या वेगानं ब्रेक मारून बघा, गाडी एका बाजूला ओढते का ते बघा. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर टाकीची पातळी आणि चारही निपलजवळची ओल पुन्हा एकदा तपासा.

पुढच्या भागात हँडब्रेकची केबल, म्हणजे सात-आठ दात ओढूनही उतारावर गाडी का सरकते ते. तुमच्या गाडीचं पेडल वरच्यांपैकी कोणत्या तऱ्हेनं खाली जातं ते व्हॉइस नोटनं कळवा, गाडीचं मॉडेल आणि वर्ष न विसरता सांगा.